दीड इंचाचा उतार

आता तुम्हीच सांगा, आपल्याच घरात, आपल्याच खोलीत, आपण बिचारे आंघोळीला गेलेलो असताना कुणी येऊन आपला ट्रॅक सरळ करून ठेवतं का हो? ठेवतं का? वाकडा करून ठेवला असता तर मी समजू शकलो असतो! जळतात लोक, असतात माणसाला वैरी... पण सरळ? आणि वर मलाच विचारतो, "भावोजी, काही चुकलं का माझं?" चुकलं का म्हणे! माझी तीन आठवड्यांची मेहनत मातीत, आणि हा बसलाय फडक्याने पाणसळ पुसत!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्याकडे आमच्या शेजाऱ्यासारखं बघायला लागाल. तुम्हाला सांगतो, मी पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. पस्तीस वर्षं नुसतं वर आणि खाली, वर आणि खाली! निवृत्त झाल्यावर माणसाला जरा आडवं जावंसं वाटेल की नाही? म्हणून मी स्लॉट कारचा ट्रॅक मांडला. स्लॉट कार म्हणजे काय, तर तळहाताएवढी गाडी. ट्रॅकला मधोमध खाच, गाडीच्या पोटाखाली एक जीभ, ती त्या खाचेत, आणि जिभेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या तारेच्या दोन वेण्या, त्या खालच्या पट्टीवर घासल्या की वीज मिळते आणि गाडी सुटते. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, आपल्या हातात नुसता एक खटका, दाबला की वेग, सोडला की संपलं. खेळणं म्हणायचं नाही! आमच्या घरात कुणी तो शब्द काढला की मी भरल्या ताटावरून उठायचो. मग लक्षात आलं, उठलेल्याला परत कुणी वाढत नाही. आता ऐकून घेतो.

तर ही खोली. खोली म्हणजे मुळात गच्चीचा तुकडा, भिंती घालून बंद केलेला. भिंतीला लागून चारी बाजूंनी मी प्लायवूडचं मोठ्ठं टेबल केलं, त्यावर ट्रॅक, आणि मधे एक चौकोनी भोक, त्यात स्टूल, स्टुलावर मी. आत जायचं तर टेबलाखालून रांगत. सहा वर्षं रांगतोय, तक्रार नाही! पण आमच्या सौभाग्यवतींना त्याच खोलीत शिलाई मशीन हवं. ती उशांचे अभ्रे शिवून देते, पडदे शिवून देते, चांगलं चालतं तिचं, नाही असं नाही. "अहो, माझं मशीन सहा वर्षं फ्रिजला टेकून उभं आहे. माझ्या अभ्र्यांना कांद्याचा वास येतो. परवा ती दवाखान्यातली नर्स म्हणाली, ताई, तुमच्या उशीवर झोपलं की भूक लागते हो!" आता याला मी काय करू? मी म्हटलं, खोली मिळणार नाही. आपण हटणाऱ्यांतले नाही!

तर ती काय म्हणाली? भांडली नाही हो! भांडली असती तर निभावलं असतं. शांतपणे म्हणाली, "तुमची गाडी चार फेऱ्या तरी धड पळते का? सारखी खाली पडते, सारखे तुम्ही टेबलाखाली. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दहा वाजता, माझ्यासमोर पंचवीस फेऱ्या मारून दाखवा. एकदाही बाहेर उडाली नाही तर खोली तुमची, मी पुन्हा नाव काढणार नाही. उडाली तर टेबल बाहेर, मशीन आत." मी म्हटलं, मंजूर! हातात तीन आठवडे होते, पस्तीस वर्षं मोटारी उघडलेला माणूस मी, मला घाबरवते काय!

तुम्हाला सांगतो, काय काय केलं नाही मी त्या गाडीचं! टायर पॉलिशपेपरवर घासले, केस केस घासले, हातांना काळं, नाकाला काळं. गिअर इतके जुळवले की कानाशी धरलं तर माशी घोरतेय असं वाटावं. वेण्या विंचरल्या! हो, दात घासायच्या जुन्या ब्रशने विंचरल्या, हिने बघितलं आणि म्हणाली, "लेकीच्या कधी विंचरल्या नाहीत." खिडकीकडच्या वळणावर गाडी बाहेर ढकलली जायची, तर आतल्या अंगाला शिशाचा एवढासा तुकडा चिकटवला, काढला, परत चिकटवला, जरा पुढे सरकवला. आणि दाराकडचं वळण? ते तर माझं लाडकं! तिथे खटका सोडायचाच नाही, दाबून धरायचा, गाडी आपोआप हळू होऊन वळण घ्यायची आणि पुढे. का हळू व्हायची? मी कशाला विचारू? चांगलं चाललं होतं ना! शनिवारी दुपारी पंचवीस फेऱ्या दोनदा मारल्या. दुसऱ्यांदा तर एका हाताने पेपर वाचत!

आणि रविवारी सकाळी उगवला माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. बांधकामाचा ठेकेदार. माणूस सोन्यासारखा, उगाच खोटं कशाला बोलू? पण त्याच्या पिशवीत कायम पाणसळ, ती सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी. लोकांच्या खिशात कंगवा असतो, याच्याजवळ पाणसळ! कुणाच्या घरी गेला की आधी खिडकीच्या चौकटीला लावून बघतो, मग "कसे आहात" विचारतो. मी आंघोळीला. हा गेला खोलीत. लावली पाणसळ माझ्या टेबलाला.

आता तुम्हाला कळलं? मला कळलं ते सगळं झाल्यावर! अहो, गच्ची होती ती पूर्वी! पावसाचं पाणी निघून जावं म्हणून फरशीला खिडकीकडे उतार, त्यावर उभं माझं टेबल, म्हणजे दार ते खिडकी दीड इंच उतार! सहा वर्षं माझी गाडी डोंगर चढत होती आणि मला पत्ता नाही! दाराकडे चढ, म्हणून तिथे हळू व्हायची. खिडकीकडे उतार, म्हणून तिथे ढकलली जायची. मी शिसं लावलं ते उताराला, टायर घासले ते उताराला, माझा हा अंगठा तयार झाला तो उताराला! आणि या गृहस्थाने काय केलं? खिडकीकडच्या पायांखाली फरशीचे तुकडे सारले, पाणसळीतला बुडबुडा आणला मधोमध, आणि हात झटकून चहा प्यायला बसला.

दहा वाजले. ही स्टूल घेऊन दाराशी. मेहुणा पिशवी मांडीजवळ उघडी ठेवून तिच्या शेजारी. मी भोकात. पहिली फेरी जपून, अर्ध्या खटक्यावर... मला वाटलं, वा, आज जरा तेजीत आहे! दुसरी फेरीही तशीच. "एक, दोन," ही मोजतेय. तिसऱ्या फेरीला दाराचं वळण आलं, मी सवयीने खटका पुरता दाबून धरला, आणि गाडी जी सुटली... वळली नाहीच! ट्रॅक सोडला, टेबल सोडलं, हिच्या कानाजवळून सूं... आणि थेट मेहुण्याच्या पिशवीत!

"तीन," ही म्हणाली. "अडीच," मी म्हटलं. नियम म्हणजे नियम!

मग मी टेबलाखाली शिरलो तर हे फरशीचे तुकडे! मी म्हटलं, हे कुणी केलं? "मीच, भावोजी! दीड इंच होता हो! मला बघवेना. तुमचा आज एवढा महत्त्वाचा दिवस, म्हटलं आपण एवढं तरी करावं." डोळ्यांत पाणी त्याच्या! अशा माणसाला मारायचं तरी कसं? मी म्हटलं, काढ! माझा उतार मला परत दे! तर ही म्हणते, "म्हणजे ट्रॅक सरळ असला की तुमची गाडी चालत नाही?" नाही चालत! "आणि वाकडा असला की चालते?" चालते! ज्याच्या त्याच्या घरचा उतार असतो, बाई! सरळ टेबलावर कुणीही पळवेल, वाकड्यावर पळवायला पस्तीस वर्षं लागतात! आपण हटणाऱ्यांतले नाही!

मला वाटलं, आता टेबल बाहेर. आत दुसरं आहे काय माझं? पण तिने बघितलं माझ्याकडे. मी टेबलाखाली चार पायांवर, गुडघ्याला फरशीची धूळ... मग म्हणाली, "राहू दे तुमचं टेबल. पण त्या भोकात तुमचं काय काम? खटका बाहेरूनही दाबता येतो. तिथे माझं मशीन बसेल."

बसलं. भोकावर आडवी फळी, फळीवर मशीन, मागे ती. मेहुण्याने फरशीचे तुकडे काढले, आणि ताईला रांगायला लागू नये म्हणून टेबलाचा एक तुकडा बिजागरीवर उचलायचा करून दिला. सहा वर्षं मी रांगत होतो, तेव्हा कुणाला बिजागरी आठवली नाही! आणि मी दारात उभा, हातात खटका. तिने मशीन सुरू केलं की अख्खं टेबल थरथरायला लागतं, वेण्या पट्टीवरून सुटतात, गाडी जागच्या जागी आचके देते. दुसरा असता तर रडला असता! मी परत बसलो. वेण्या ताठ केल्या, आणखी ताठ केल्या, दुहेरी केल्या, इतक्या दाबून बसवल्या की थरथर असेना का, सुटतच नाहीत! मंगळवारी ती पडदे शिवत होती आणि माझ्या चाळीस फेऱ्या झाल्या. चाळीस! तिने स्वतः मोजल्या, पायाने मशीन चालवत, मान हलवत.

फक्त एकच झालंय. वेण्या आता एवढ्या दाबून बसल्यात की टेबल थरथरत नसलं तर गाडी पट्टीला चिकटून बसते, हलत नाही. म्हणजे मशीन सुरू तर गाडी सुरू. तिने शिवायचं थांबवलं की माझी रेस थांबली. मी म्हणतो, अगं, जरा शीव ना! ती म्हणते, "काय शिवू? गिऱ्हाइकाचं संपलं सगळं." तर सांगायचं काय, ट्रॅक जागेवर आहे, उतार जागेवर आहे, मी जागेवर आहे, आपण हटणाऱ्यांतले नाही!... तेवढं तुमच्याकडे उसवलेले अभ्रे असतील तर द्या ना. पडदेही चालतील. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, गुरुवारी घरपोच आणून देईन.