विरजणाची बांगडी

(कतारमधलं अल खोर. युसुफच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर, दुपार. गॅसवर मातीने लिंपलेली एक मूस.)

अब्बा : जगातला प्रत्येक धातू मुळात सोनंच असतो, युसुफ. तांबं म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेलं सोनं. त्याला फक्त ऊब द्यायची असते.

युसुफ : अब्बा, चहाला बर्नर हवाय.

हजरा : दुसरा आहे ना. राहू दे त्यांचं.

युसुफ : आत काय घातलंय?

अब्बा : तांब्याची तार. खालच्या एसीवाल्याने दिली.

युसुफ : पारा नाही ना?

अब्बा : पारा रत्नागिरीतच राहिला. शेजारचा फुजैल म्हणाला, विमानात नेलात तर तुम्हालाच उतरवतील. आता तूच आण थोडा. आणि गंधक. तुमच्या प्लांटात पिवळे ढीग असतात म्हणे.

युसुफ : असतात. पाराही असतो, गॅसबरोबर जमिनीतून येतो. मशिनरी खातो, म्हणून गंधकाच्या थरातून नेऊन पकडतो आम्ही त्याला.

अब्बा : पारा आणि गंधक. म्हणजे हिंगूळ.

युसुफ : तसंच काहीतरी.

अब्बा : आणि पुढे?

युसुफ : पुढे ड्रममध्ये भरून घातक कचरा म्हणून पाठवतो.

अब्बा : त्या एका पायरीसाठी माणसांनी जन्म काढले. तुम्ही रोज चढता आणि कचऱ्यात टाकता.

युसुफ : आम्हाला वरच्या मजल्यावर काही काम नसतं.

हजरा : चहा घ्या, अब्बा. बिनसाखरेचा आहे.

अब्बा : फ्रिजवरची ती पिशवी जरा हलव, बेटा. मूस उतरवली की ठेवायला जागा लागेल.

हजरा : कसली रे ही पिशवी?

युसुफ : हॉस्पिटलमधून दिलीय. राहू दे तिथेच.

अब्बा : हसा तुम्ही. पण अर्क काढायची भांडी, तेजाब, हे सगळं किमयागारांनीच घासूनपुसून जगाला दिलं. सोनं शोधता शोधता.

युसुफ : खरंय. त्याच्यावरच माझा पगार निघतो.

अब्बा : म्हणजे सोनं झालंच की. माझ्या घरी नाही झालं, एवढंच.

युसुफ : तुमच्या घरी आयतं होतं, अब्बा. अम्मीच्या हातात.

अब्बा : विरजण लागतं रे. चमचाभर दही घातल्याशिवाय दुधाचं दही होत नाही. तांब्यातही थोडं सोनं घालावंच लागतं.

हजरा : अम्मी सांगायच्या. म्हणायच्या, माझं विरजण एकेक करून गेलं, दही काही लागलं नाही. आमच्या निकाहातसुद्धा काचेच्याच बांगड्या घालून उभ्या होत्या.

अब्बा : मला कधी एका शब्दाने बोलली नाही ती.

युसुफ : तुम्हाला नाही बोलली.

अब्बा : एक तरी बांगडी तिच्या हातात परत घालायचीय. माणसं ओळखतेय तोवर. डॉक्टर काय म्हणाले सकाळी?

युसुफ : इन्शाल्ला म्हणाले.

अब्बा : मग चांगलं आहे.

युसुफ : रिपोर्ट वाचून झाल्यावर म्हणाले, अब्बा.

अब्बा : हजरा, बेटा, तुझ्या हातातली एक, विरजणापुरती...

युसुफ : नाही. आता या घरात नाही.

हजरा : तू थांब. घ्या, अब्बा. पण मुशीत घालायची नाही.

अब्बा : मग करू काय हिचं?

हजरा : सरळ अम्मींच्या हातात घाला. सांगा, झालं एकदाचं.

अब्बा : खोटं सांगू?

हजरा : ही मूस पिकायला महिना तरी लागतो ना?

अब्बा : लागतो.

हजरा : अम्मींकडे महिना नाही.

अब्बा : ओळखेल ती. बाईला दुसरीची बांगडी लांबून कळते.

हजरा : ओळखू देत. तुम्ही रिकाम्या हाताने आला नाहीत, एवढं दिसलं तरी पुरे.

अब्बा : युसुफ, गॅस बंद कर.

युसुफ : केला.

अब्बा : माझा धुतलेला सदरा कुठंय? आणि उजव्या हातात घालू की डाव्या? डाव्याला सलाईन असेल ना?

युसुफ : बसा जरा, अब्बा.

अब्बा : भेटायची वेळ टळेल. रोज मला यल्ला यल्ला करतोस, आज मी चल लवकर म्हणतोय तर बसा.

युसुफ : आयसीयूत दागिने घालू देत नाहीत.

अब्बा : शुक्रवारी ॲम्ब्युलन्समध्ये घातली तेव्हा होत्या की तिच्या हातात. काचेच्या. हिरव्या.

युसुफ : त्याही काढून दिल्यात. फ्रिजवर, त्या पिशवीत आहेत.