थी लॉ खो गावात शाळा होती

नाव : नॉ से वा फॉ, वडील सॉ थॉ ले
वय : ६१ वर्षे
धंदा : शिक्षिका, शिवाय गावोगावच्या घटनांची नोंद ठेवणे
राहणार : थी लॉ खो, साल्वीन नदीच्या पश्चिमेस दीड दिवसाची वाट
जबाब घेणार : हवालदार सॉ एह मू, करेन पोलीस ठाणे
दिनांक : २५ मार्च, शनिवार, सकाळी ९.१५

मी वरील नावाची बाई, आज आपण होऊन लष्कराच्या ताब्याबाहेरच्या या ठाण्यात आले आणि विचारल्यावरून सांगते की, मी चाळीस वर्षे थी लॉ खोच्या शाळेत शिकवते. गेली एकोणीस वर्षे आसपासच्या आम्हा करेन लोकांच्या गावांत ब्रह्मी लष्कराने काय केले ते वहीत लिहून ठेवते. जाळलेली घरे, नेलेला तांदूळ, ओझी वाहायला धरून नेलेली माणसे, सुरुंगावर पाय पडलेली माणसे. पाहिले ते एका पानावर, ऐकले ते दुसऱ्या पानावर, असा माझा नियम आहे. यासाठी मला कोणी पगार देत नाही.

दि. ९ मार्च रोजी गुरुवार होता. पटावर सदतीस मुले, हजर चौतीस. सकाळी १०.३५ वाजता मी तिसरीला भागाकार शिकवत असताना पूर्वेकडून विमानाचा आवाज आला. मुलांना सवय आहे. ती रांगेने शाळेमागच्या खंदकात उतरली. मी मोजली, एकतीस भरली. धाकटे शिक्षक सॉ हसर मू, वय २६, "मी बघतो, बाई," असे म्हणून परत आत गेले. पहिला बॉम्ब छपरावर पडला. दुसरा ओढ्याकडे पडला, तो फुटला नाही. विमान पुन्हा आले नाही.

चौघांना मारले. सॉ हसर मू. नॉ एह क्लू, वय ९. सॉ पो थू, वय ११. नॉ ले ले वा, वय ७. मयतांशी नाते काय असे विचारल्यावरून सांगते की, तिघे माझे विद्यार्थी आणि सॉ हसर मूही पूर्वी माझाच विद्यार्थी. ले ले वा माझ्या मुलीची मुलगी. ती पहिल्या बाकाखाली होती.

त्याच संध्याकाळी लष्कराच्या रेडिओवर सांगितले की, बंडखोरांचा दारूगोळ्याचा तळ उडवला, तिथे वस्ती किंवा शाळा नव्हती. ते मी स्वतः ऐकले. दुसऱ्या दिवशी दफन झाल्यावर मी खड्डा मोजला. रुंदी सव्वाचार मीटर. त्या दिवसापासून तीन दिवस जबाब लिहून घेतले. साक्षीदार तेवीस. प्रत्येकाला मी विचारले की, खरे नाव लिहू की बदलू, कारण धोका आहे. मु थू आजी, वय ७८, म्हणाल्या, "बदलायचं कशाला? चार वेळा गाव जाळलं, चारही वेळा हेच नाव घेऊन पळाले मी. लिही. आणि नावापुढं 'म्हातारी' लिहू नकोस, वय लिहिलंयस तेवढं पुरे." त्यांच्यामागून तेवीसही जणांनी आपापले खरे नाव दिले. एकोणीस वर्षांत असे प्रथमच झाले.

दि. १३ मार्च रोजी सकाळी ८.२० वाजता मी वही घेऊन इकडे यायला निघाले असता टेकडीवरच्या लष्करी चौकीच्या शिपायांनी वाटेत अडवले. पाठीवरच्या टोपलीत बांबूच्या कोंबांखाली वही सापडली. मला वर नेले. तिथले कॅप्टन अंदाजे तिशीचे होते. त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला. थी लॉ खोमध्ये शाळा नव्हती, स्फोट बंडखोरांच्या साठ्याचा होता, असा त्यात मजकूर होता.

ते म्हणाले, "सही करा, मावशी, आणि घरी जा."

"शाळा होती."

"पुरावा? हजेरीपट आहे?"

"जळाला."

"मग शाळा नव्हती."

मी उभी राहिले आणि हजेरी घेतली. एक नंबरपासून, नाव, बापाचे नाव, इयत्ता. ज्यांना मारले त्यांचे नाव घेऊन थोडी थांबले, मग पुढे गेले. कॅप्टन मध्येच "पुरे" म्हणाले. मी सदतीसपर्यंत पूर्ण केली. कारकुनी करणारा एक नाईक होता, त्याने तोवर लिहिणे थांबवले होते. त्यानंतर कॅप्टननी माझी वही माझ्यासमोर चुलीत घातली.

मला तीन दिवस कोठारात ठेवले. दोनदा मारले. डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्याचा दवाखान्याचा कागद सोबत जोडला आहे. रोज सही मागितली. केली नाही.

चौकीवर पाणी नाही. गावातल्या प्रत्येक घराने रोज दोन पोकळ बांबू भरून पाणी टेकडीवर चढवायचे, असा लष्कराचा हुकूम आहे. दि. १६ मार्च रोजी सकाळी सातच्या सुमारास गलका झाला म्हणून मी फटीतून पाहिले. गावच्या बायका चढून आल्या होत्या, चाळीसच्या वर. खांद्यावर बांबू होते, पण रिकामे, बांबूंची तोंडे खाली. पुढे मु थू आजी.

शिपायाने विचारले, "पाणी कुठाय?"

आजी म्हणाल्या, "ओढ्यात."

"वर का नाही आणलं?"

"आमच्या बाई वर आहेत ना. त्या खाली आल्या की पाणी वर येईल."

कॅप्टन बाहेर आले. म्हणाले, "सगळ्यांना आत टाकीन."

"टाका की. मग उद्या भात कशात शिजवाल? थुंकीत?"

एक शिपाई हसला. कॅप्टननी त्याच्याकडे पाहिल्यावर हसायचा थांबला. मग कॅप्टननी दरडावले, "या बाईला हे सगळं सांगितलं कुणी? पुढं या!" माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना वाटले, कोणी येणार नाही. आजी पुढे झाल्या. "मी. मु थू. ओढ्याकडचं पहिलं घर." त्यांच्यामागे नॉ एह क्लूची आई आली, तिने आपले नाव सांगितले आणि मुलीचेही सांगितले. मग माझी मुलगी. मग एकेक. नाईकाला कॅप्टननी लिही म्हटले होते, तो लिहीत राहिला. अशा रीतीने चौदा साक्षीदारांची नावे आता लष्कराच्याच कागदावर, लष्कराच्याच अक्षरात आहेत.

बायका उन्हात बसून राहिल्या. चौकीवरचे पिंप दुपारी रिकामे झाले. ४.१० वाजता मला सोडले. "घेऊन जा हिला," एवढेच कॅप्टन म्हणाले. आजींनी दिल्या शब्दाप्रमाणे पाणी वर पाठवले. चाळीस घरांचे नाही, एका घराचे, दोन बांबू.

वही जळाल्यामुळे दि. १७ व १८ रोजी सर्व तेवीस जबाब मी पुन्हा घेतले. कोणाच्या सांगण्यात फरक पडला नाही. ती नवी वही, तसेच बॉम्बच्या शेपटाचा पत्र्याचा तुकडा, लांबी ३१ सेंटिमीटर, त्यावर सात आकडी नंबर, आज ठाण्यात जमा करत आहे. तुकडा इतके दिवस गावच्या बायकांनी सांभाळला. कुठे, ते त्यांनी मलाही सांगितलेले नाही.

शाळा दि. २० मार्चपासून ओढ्यापलीकडे बांबूच्या बनात भरते. सॉ हसर मू यांचे वर्ग त्यांची बहीण घेते. मी आज शनिवार असल्याने येऊ शकले. सोमवारी मला वर्गावर असायला हवे.

हवालदारांनी हा जबाब करेन भाषेत मला मोठ्याने, उजव्या कानाशी वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यांनी 'चौघे मरण पावले' असे लिहिले होते. ते खोडायला लावून 'चौघांना मारले' असे करून घेतले व खोडीशेजारी सही केली. आता तो मी सांगितला तसा आहे.

(सही) नॉ से वा फॉ