दुपारचा कान

या, बसा मंडळी. पुढे सरका, जागा आहे. चपला कुठे काढल्या ते विसरा आता थोडा वेळ — त्या कुठे जात नाहीत! मन मात्र इथे ठेवा. आज मी एक प्रश्न घेऊन उभी आहे. ऐका.

एका खोलीत दोन माणसं बसली आहेत. एकाला आवाज ऐकू येतोय, दुसऱ्याला येत नाही. तर सांगा, चूक कोणाची?

"न ऐकणाऱ्याची!" — बरोबर? माना डोलल्या. बरं! आता असं समजा, की ज्याला ऐकू येत नाही तोच परीक्षक आहे. पेन त्याच्या हातात, शिक्का त्याच्या हातात. मग? मग चूक कोणाची?

आता कशा माना थांबल्या!

तापीच्या अलीकडे एक तालुक्याचं गाव आहे. तिथे एका ट्रस्टचा दवाखाना, आणि दवाखान्यात कान तपासायची एक खोली. ती खोली सांभाळायची हेमांगी नेहेते. तिशीची मुलगी, विज्ञान शिकलेली, कामाला चोख. लोकांचे कान तपासून ती सांगायची — एवढं ऐकू येतं, एवढं येत नाही.

आता कान तपासायचा म्हणजे खोली कशी हवी? शांत! भिंतींना मऊ स्पंजाचे तक्ते. खाली गालिचा. दाराला दुसरं दार. तपासणी चालू असताना वरचा पंखा बंद, एसी बंद. टेबलावर पेन ठेवलं तरी टक्क वाजतं, म्हणून टेबलावर जाड घोंगडी अंथरलेली. एवढी शांतता, की आपल्याला आपलाच आवंढा ऐकू यावा! (आपल्याकडे अशी शांतता कधी मिळते हो? कीर्तनात? छे! तिसऱ्या रांगेत कोणाचा तरी मोबाइल वाजतोच.)

चैत्रात दवाखान्याने नवीन लॅपटॉप घेतला. जुनं यंत्र ट्रंकेसारखं होतं. हा कसा? थालीपीठाएवढा पातळ! हेमांगीने तो मोठ्या कौतुकाने घोंगडीवर ठेवला. रोग्याच्या कानावर हेडफोन, हातात बटण. लॅपटॉपमधून बारीक बारीक आवाज निघायचे. ऐकू आला की रोग्याने बटण दाबायचं. सोपं काम!

वैशाखातल्या एका दुपारी तिच्याकडे आले मुरलीधर भावसार. अख्खं गाव त्यांना तात्या म्हणतं. तात्या काय करायचे? पेट्या लावायचे. बाजाची पेटी हो — आमच्या भाऊंच्या पुढ्यात आहे ना, ती! पितळेच्या पातळ पट्ट्या असतात आत, त्यांना सूर म्हणतात. सूर बिघडला की तात्या पट्टी किंचित खरवडायचे, कानाशी धरायचे, परत खरवडायचे. चाळीस वर्षं हेच. डोळे मिटून सांगणार, "काळी दोन उतरली आहे." आणि उतरलेलीच असणार!

मग ते कशाला आले? बायकोने पाठवलं. "मी हाक मारते, हे ओ देत नाहीत!" — इंदुकाकूंची तक्रार. (आता सांगा, बायकोच्या हाकेला ओ न देणारे सगळेच तपासायला आणले, तर दवाखाना पुरेल का?)

तात्या खुर्चीत बसले. हेमांगी त्यांच्या मागे. तपासणी सुरू झाली. आणि तात्यांनी बटण दाबलं — अन् दाबूनच धरलं!

"तात्या, आवाज आला की दाबायचं. गेला की सोडायचं."

"पण जातच नाहीये ना, ताई! चालू आहे."

"मी आता आवाज दिलेलाच नाही."

"नाही कसा? काळी एक. हा बघा… आता चढला जरा."

हेमांगी थांबली. तिला खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. तिने पडद्यावर पाहिलं — एकही आवाज सोडलेला नाही. मग माणूस ऐकतोय काय? शिकलेल्या डोक्याने उत्तर दिलं — कानात नाद! असा रोग असतो, मंडळी. बाहेर काही नसताना कान आपलाच वाजतो. आणि बाकीची तपासणी? बारीक आवाज तात्यांना ऐकूच आले नाहीत. तिने कागदावर लिहिलं: ऐकणं कमी झालं आहे, कानात नाद आहे. खाली सही. सहीवर शिक्का.

तात्यांनी कागद वाचला. "म्हणजे ताई… मला जो सूर ऐकू येतो, तो नसतो?"

"या वयात होतं असं, तात्या. काळजी नका करू."

काळजी नका करू! काय वाक्य आहे! ज्याचं पोट कानावर चालतं, त्याला सांगायचं की तुझा कान नसलेलं ऐकतो — आणि वर काळजी नको!

तात्या दुकानात आले. एका शाळेची पेटी उघडून ठेवली होती, ती मिटली. चाळीस वर्षं आपण जे सूर लावले, त्यातले खरे किती, हे कसं ठरवायचं? कोणाला विचारायचं? त्यांनी अवजारांचा डबा बंद केला. आठवडाभर दुकानाची फळी निघाली नाही. गिऱ्हाईक यायचं, तर इंदुकाकू दारातून सांगायच्या, "बरं नाही त्यांना."

पण एक भानगड होती. घरी सूर येईना! तात्या कान देऊन बसायचे. सकाळी बसले, संध्याकाळी बसले. काळी एक नाही, पांढरी एक नाही, काहीच नाही! रोग गेला कुठे?

ते परत गेले. या खेपेला सकाळी नऊला. तपासणी झाली, आणि बघा — सगळे आवाज ऐकले! नाद नाही, काही नाही. हेमांगी चक्रावली. माणूस तोच, कान तेच. सकाळी चांगला, दुपारी वाईट? असा कान असतो का कुठे?

तिने जुने कागद काढले. आणि काय दिसावं? दुपारी तपासलेल्यांपैकी बहुतेकांचं ऐकणं कमी, सकाळचे पुष्कळसे ठीक! हे तिला आधी दिसलं नव्हतं का? दिसलं होतं की! तेव्हा ती मनाशी म्हणाली होती — दुपारी माणसं पेंगतात, बटण दाबायला उशीर करतात. शिकलेल्या माणसाला कारण सापडत नाही असं नाही हो. जरा लवकरच सापडतं!

इंदुकाकू सोबत आल्या होत्या. त्यांचं निदान तयार. "मी सांगते, भरीत! दुपारी भरीत-भाकरी हाणतात, वर कच्चा कांदा. कान बंद होणार नाहीत तर काय?"

हेमांगीला हसू आलं. पण तिच्याकडे तरी याहून बरं उत्तर कुठे होतं? म्हणाली, "तात्या, उद्या दुपारी या. जेवू नका."

दुसऱ्या दिवशी तात्या उपाशी आले. बाहेर ऊन असं, की डांबर मऊ पडलेलं. त्यांच्याआधी तीन रोगी होऊन गेले होते. पंखा बंद, एसी बंद, दोन्ही दारं लावलेली. खोली भट्टी झाली होती.

"सुरू करू?"

"सुरू झालाय, ताई. काळी दोन. आज वरच चढलाय."

घ्या! भरीत नाही, कांदा नाही, तरी सूर आहे! हेमांगीने हेडफोन बदलला. सूर आहे. वायर बदलली. सूर आहे. तिने तात्यांच्या डोक्यावरचा हेडफोन काढूनच घेतला.

"आता?"

"आता तर जास्त मोकळा येतोय."

 कानावर काहीच नाही, आणि आवाज वाढतो? रोग इतका पुढे गेला? की… की काय? तिला काही म्हणजे काही कळेना.

तात्या मात्र उठून उभे राहिले. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर धंद्याचा भाव आला. "ताई, पेटीला एक रोग असतो. वरची काळी-पांढरी एकही दाबलेली नाही, तरी एक सूर आपला बोलत राहतो. आम्ही म्हणतो, पेटी बोलते. मग काय करायचं? हवा कुठून निसटते ते शोधायचं."

त्यांनी हाताची मागची बाजू जिभेने ओली केली. पेटीतली फट अशीच शोधतात — ओल्या कातडीला बारीक झुळूकही कळते. आणि तो हात पुढे धरून तात्या खोलीत फिरू लागले. दाराच्या फटीपाशी — नाही. खिडकीपाशी — नाही. कपाटापाशी — नाही. हेमांगी खुळ्यासारखी मागे मागे! हात टेबलापाशी आला. लॅपटॉपच्या कडेला थांबला.

"इथे. गरम हवा. ही बोलतेय!"

हेमांगीने खाली वाकून कान लावला. आणि तिला ऐकू आलं! सूंऽऽऽ! लॅपटॉपच्या पोटातला पंखा! दोन महिने तिच्या हाताखाली बोंबलत होता!

आता नीट समजून घ्या. यंत्र पातळ, म्हणून आतला पंखा लहान. लहान पंख्याने जास्त हवा ढकलायची, तर त्याला गरगर फिरावं लागतं, म्हणून सूर उंच. त्याला हवा हवी असते पोटाखालून. आणि पोटाखाली काय? घोंगडी! कशासाठी अंथरलेली? आवाज होऊ नये म्हणून! एसी कशासाठी बंद? आवाज होऊ नये म्हणून! शांततेसाठी जे जे केलं, त्याने यंत्र तापलं. यंत्र तापलं की पंखा ओरडला. पंखा ओरडला की बारीक आवाज बुडाले. सकाळी खोली गार, पंखा गप्प. दुपारी सगळं गाव बहिरं!

आणि हिला का ऐकू आला नाही? कान खराब होता? मुळीच नाही. तो सूर हळूहळू चढायचा, रोज चढायचा, दिवसभर असायचा. जे रोज असतं, त्याची मन दखलच घेत नाही.

घोंगडी काढली. लॅपटॉप दोन लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवला. दारं उघडली, एसी लावला. पंधरा मिनिटांत पंखा थांबला. मग एसी बंद केला, दारं लावली आणि तपासणी केली. तात्यांचा कान साठीच्या माणसाच्या मानाने उत्तम! फार उंच आवाज थोडे कमी, ते वयानं होतंच. सुराच्या कामाचं सगळं शाबूत.

(मग बायकोची हाक? ती तेवढी का ऐकू येत नव्हती, याचं उत्तर शास्त्राकडे नाही. इंदुकाकूंकडे आहे!)

दवाखान्यातले डॉक्टर हेमांगीला म्हणाले, "झालं ते झालं. यंत्र नीट ठेव, बोभाटा कशाला?" ती म्हणाली, "सर, दुपारची एकेचाळीस माणसं आहेत. प्रत्येकाकडे माझ्या सहीचा कागद आहे." आणि तिने एकेकाला फोन लावला. "माझी चूक झाली, परत या." कोणी रागावलं, कोणी हसलं. एका आजीने कानाचं यंत्र विकत घेऊन टाकलं होतं. परत तपासलं तर कान ठणठणीत! पण आजी यंत्र सोडीनात. "नको गं बाई, हे लावलं की सून हळू बोलते!" आता याला काय म्हणायचं, हे हेमांगीला कळलं नाही. मलाही नाही कळत!

पण मंडळी, गोष्ट इथे संपली असती तर मी सांगितलीच नसती.

हेमांगी तात्यांसाठी नवा कागद घेऊन त्यांच्या दुकानात गेली. लिहिलं होतं: कान उत्तम. तात्यांनी वाचला. घडी केली. म्हणाले, "ताई, पहिला कागदही असाच होता. सही हीच, शिक्का हाच."

 शाळेची पेटी समोर उघडी पडली होती. तात्यांनी एक काळी दाबली, भाता हलवला. ऐकलं. आतली पट्टी खरवडायला अवजार उचललं — आणि हात हवेतच राहिला. आवाज बिघडलाय, की मला बिघडलेला ऐकू येतोय? चाळीस वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. कान बरा झाला हो, पण भरवसा गेला, तो कुठल्या यंत्राने तपासायचा?

"ताई, तुम्ही सांगा. उतरलाय ना हा?"

हेमांगीकडे मोबाइल होता. सूर मोजणारं ॲप त्यात होतं. तिचा हात पर्सकडे गेला — आणि ती थांबली. म्हणाली, "तात्या, मला कसं कळणार? माझ्या नाकाखाली पंखा बोंबलत होता, तो मला ऐकू आला नाही. तुम्हाला आला. खोटं ऐकलं ते मी. कागदावर लिहिलंही मीच."

 तात्या आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं ऐकलंस का? तुझा नवरा बहिरा नव्हता!"

"ऐकलं! मग दहा वेळा हाक मारली तेव्हा कुठे होता?"

तात्यांनी मान खाली घातली, पट्टी कानाशी धरली, आणि खरवडायला लागले.

तर मंडळी, तुमच्या घरात कोणी म्हणत असेल — मला इथे काहीतरी खुपतंय. सून म्हणत असेल, म्हातारा बाप म्हणत असेल. आणि तुम्हाला तर सगळं शांत वाटतंय! मग तुम्ही काय करता? "तुझ्या मनाचे खेळ आहेत" — मारला शिक्का! कधी आपला हात ओला करून घरभर फिरलात? ती हवा कदाचित आपल्याच बाजूने निसटत असेल. आपणच अंथरलेल्या मायेच्या घोंगडीखाली काहीतरी तापत असेल.

कोण खरं, कोण खोटं, ते मलाही इथे उभं राहून सांगता यायचं नाही. मीसुद्धा केव्हाची बोलते आहे, तुमचं मी कुठे ऐकलं? म्हणून त्या विठ्ठलाकडे एवढंच मागू या — देवा, ऐकणारे कान दिलेस, आता ऐकू न आलेलं कबूल करायची जीभ दे.

म्हणा माझ्याबरोबर — विठ्ठल, विठ्ठल!