विहिरीला वळसा

दारिना, निखिल आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

बोलणं जड जातंय, म्हणून आधी एक तक्रार नोंदवतो. ओलेनाताईंनी माझे बूट बिघडवले. डावी टाच पार झिजली, उजवी अजून दुकानातल्यासारखी. दिवंगत व्यक्तीकडून भरपाई कशी मागावी, याबद्दल धर्मशास्त्र गप्प आहे.

निखिलच्या या सासूबाई युद्धामुळे युक्रेनमधलं आपलं गाव सोडून इथे सिंगापूरच्या मरीन परेडला लेकीकडे, दारिनाकडे, आल्या. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या. सगळ्या त्याच गावाच्या, तीनशे वर्षांपूर्वीच्या. मी पडलो वार्ताहर. मुलाखत घ्यायला गेलो. म्हणाल्या, "बसून काय बोलायचं, पंडित? चला."

मग रोज सकाळी चाललो. समुद्राकाठच्या हिरवळीवर. कादंबरीतला रस्ता त्या आधी चालून बघायच्या. "पायांना पटलं नाही, तर वाक्य खोटं पडतं." सपाट हिरवळ हो! पण बाई मधेच थांबायच्या, बैलगाडी जाऊ द्यायच्या. एकदा दंड धरून मला बाजूला ओढलं. "विहीर आहे."

मी म्हटलं, "ताई, आमचे नैयायिक अभावालाही, म्हणजे नसण्यालाही, पदार्थ मानतात. पण त्यात कुणी पडल्याचं ऐकिवात नाही."

"मग तुम्ही पहिले."

हसा, हसा. मीही हसलो होतो. आणि वळसा घातला. रोज घातला, रोज एकाच बाजूने.

परवा अंत्यसंस्कारानंतर आम्ही समुद्राकडे निघालो. निखिल फुलं घेऊन पुढे होता. तो आमच्याबरोबर फिरायला कधीच आला नव्हता. विहिरीच्या त्या जागी आला, आणि वळसा घालून गेला.

"का रे, वळलास का?"

"काही नाही, काका. तिथे एकदम गार लागलं."

सिंगापुरात. भर दुपारी. गार.

ते गाव आता उरलेलं नाही. दारिनाने फोटो दाखवले. कुठलं घर, कुठला रस्ता, तिलाही ओळखता येईना. आणि कादंबरी थांबली आहे घंटा ओतणाऱ्याच्या दाराशी. तिथून नदीकडे कसं जायचं? "उद्या दाखवते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात होत्या. मी भेटायला गेलो. डोळे मिटलेले.

"आज कुठवर गेलात, पंडित?"

"दारापर्यंत."

"थांबा तिथे. एकटे पुढे जाऊ नका."

मी अजून जातो. त्या दाराशी थांबतो. आतून ठोके ऐकू येतात, असं म्हणणार नाही. बातमीदाराला ते शोभत नाही. पण थांबतो. कुणी दार उघडेल म्हणून थांबतो, की उघडू नये म्हणून, ते मात्र विचारू नका.

आता आपण उभे राहू आणि थोडा वेळ कुणीच काही बोलणार नाही. त्याआधी एकच सांगतो. त्यांचा तो रस्ता आता फक्त माझ्या पायांना माहीत आहे, आणि मला हल्ली विसरायला होतं. काल सकाळी विहीर विसरलो. सरळ चालत गेलो.

पडलो नाही.

त्याचीच भीती वाटते.