उतरत्या सुरातली सुमती

...नाही, तुम्ही हसताय, पण तुम्हाला सांगतो, बायकोला माहेराहून आणायला निघालेला माणूस काय तयारी करतो? पागोटं झटकतो, पेढे बांधून घेतो. मला व्याकरण घोकावं लागलं! आणि कुठल्या भाषेचं? अख्ख्या पृथ्वीवर जी दोनच माणसं बोलतात... एक माझे सासरे, दुसरी माझी बायको!

सासरे विठ्ठलपंत, कल्याणचे शाळामास्तर. पेन्शनीत निघाले आणि भाषा करायला बसले. हो, करायला! लोक लोणचं करतात तशी! म्हणे, "जावईबापू, मराठीत प्रत्यय फार, जीभ दमते हो! माझ्या भाषेत नुसता सूर." म्हणजे शब्द तोच, सपाट म्हटला की प्रथमा, चढवला की द्वितीया, उतरवला की चतुर्थी, हेलकावला की षष्ठी... आता मी ठाण्याच्या कचेरीतला कारकून, मी आरती म्हणायला लागलो की शेजारी म्हणतात, "तुम्ही आपले टाळच धरा!" आणि इथं सूर चुकला की विभक्ती चुकली!

बरं, आमची ही, सुमती, गेलेली कशाला? तर सासऱ्यांना ताप आला म्हणून. सासूबाई नाहीत, करणार कोण? ताप उतरला, मऊभात संपून वरणभात सुरू झाला, गृहस्थ देवळापर्यंत फिरून यायला लागले... पण ही येईना! मी इकडे ठाण्याला, कोपरीतल्या घरी, रोज भात करपवतोय! शेवटी गेलो. तर म्हणतात, "न्या की. पण रीतसर मागा. माझ्या भाषेत."

सुमतीनं चुलीपाशी बसवून शिकवलं. वाक्य एवढंसं, 'मला सुमती द्या.' 'सुमती' चढवायचं. 'नू' म्हणजे मी, ते उतरवायचं. मग 'पेरी', म्हणजे द्या. अहो, बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची चोरी, आणि इथं ते सासऱ्यांपुढे गाऊन घ्यायचं! लाजू का गाऊ? आणि सूर चुकला की विभक्ती चुकली!

सासरे पाटावर, डोळे मिटून. मी घसा खाकरला, सुरू केलं... आणि सुमती जी घसरली ती थेट खाली, आणि 'नू' गेलं वर, पार कौलांपर्यंत!

सासऱ्यांनी डोळे उघडले, तर डोळ्यांत पाणी! "जावईबापू, काय मागितलंत कळलं का? 'सुमतीला मी द्या'! म्हणजे सुमतीला हा जावई देऊन टाका! दिला! आजपासून इथंच राहायचं!"

"अहो, सूर चुकला माझा—"

"वाक्यात चूक दाखवा!"

कशी दाखवू? वाक्य बिनचूक, माणूस चुकलेला! मग हळूच म्हणतात, "ती गेली असती, तर मी बोललो कुणाशी असतो हो?"

एवढी भाषा केली, आणि हिच्याशिवाय बोलायला दुसरं माणूस नाही. मी पागोटं काढलं, खुंटीला लावलं.

दाराआड ही पदर तोंडात कोंबून हसतेय. म्हटलं, "अगं, तूच उलटं शिकवलंस काय?" तर म्हणते, "इश्श!" तेही चढत्या सुरात!

तर सध्या मुक्काम कल्याण. सकाळच्या आगगाडीनं ठाणं, दिवेलागणीला परत. वालाचं बिरडं, भातावर तूप, तब्येत सुधारलीय, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी बापलेक त्यांच्या भाषेत भांडतात, मला ओ की ठो कळत नाही. एकच शब्द पक्का कळतो, 'जेमी', म्हणजे जेवायला चला. क्रियापद आहे हो... त्याला विभक्तीच नसते!