मावशीला विचारलं

दौंडच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"मावशी, मला लेकरू होऊ द्यायला डॉक्टर हो म्हणालेत. पण किडनीवर ताण येईल, असंबी म्हणाले."

"मग अडलंय कुठं?"

"किडनी तुमच्या लेकाची, महेंद्रची हाय. तुम्हाला न विचारता कसं ठरवू?"

"तो गेला तवा मी सही केली, सुलक्षणा. ज्याला मिळंल त्यानं चांगलं जगावं म्हणून केली. नुसती राखण करत बसावं म्हणून न्हाई."

"आन् ती निकामी झाली तर?"

"तर दवाखान्यात तुझ्यापाशी बसीन. तुला लेकरू पायजे का?"

"व्हय."

"मग बाळंतपणाला मी येणार. तुझ्या आईला आत्ताच सांगून ठेव."