चार पान्यांची वळख

आमी शिराळ्याचं, नागाच्या गावचं. बाप नागपंचमीला नाग धरायचा आन् आमाला सांगायचा, आरं नाव मागनं, आदी त्येचं त्वांड बघ. ह्ये ध्यानात ठेवा गुरुजी, पुढं लागतंय.

इंग्रजाच्या वक्ताला, लढाईत मी पलटणीत भरती झालो, मला टाकलं वर्कशापात. आता काय सांगू तुमास्नी, आमाला मोटंच्या नाड्याची गाठ ठावं, पाना कुनी बघितलाय? पयल्याच दिशी हवालदार म्हनला, पाना आन, तर म्या सगळ्यात थोरला उचलला आन् पितळी नटाला लावून दिला हिसका. त्यो निघाला दातऱ्या पाईप पाना! नटाचं साही कोपरं त्येनं खाल्लं. हवालदारानं त्यो नट सुतळीत ओवून माझ्या गळ्यात बांधला, म्हनला, म्हैन्यानं परीक्षा हाय, चुकलास तर लढाई सरंपातूर गोण्या उचलायच्या. सगळी हासायची, मला लय लाज वाटायची.

भिंतीवर पानं टांगल्यालं, खाली नावं लिवल्याली, पर मला कुठं वाचाया येतंय? तवा बाचं बोलणं आठवलं. म्हनलं, गड्या, तोंडं बघ. हवालदार नाव घिऊन पाना मागायचा, तवा दुसरा कुनी कंचा उचलतोय ते मी बघून ठेवायचो. स्क्रू पान्याचं त्वांड तिरकं, गुळगुळीत, एक जबडा चाकानं मागंपुढं हुतोय. मंकी पान्याचं दांड्याला आडवं, हातोड्यागत. पाईप पान्याच्या जबड्यात दात, वरचा जबडा ढिला, त्यो नळालाच लावायचा. आन् चेन पाना साखळीचा इळखा घालतोय, सापागत. झालं, वळख पटली.

परीक्षेला गोरा सायब आला. टेबलावर नुसतं पानं, नावाची पाटी न्हाई. लिवल्यालं वाचून शिकल्याली मानसं गडबडली की वो! माझी पाळी आली, चारी नावं धडाधडा सांगितली. मंग सायबानं पितळी नट दावला, तसलाच. म्या स्क्रू पाना घेतला, चाक फिरवून घट्ट बसवला, आन् जोर न हलणाऱ्या जबड्यावर घेतला. सायब म्हनला, असाच का धरला? म्या म्हनलं, सायब, हलता जबडा दुबळा, त्येच्यावर भार टाकला तर पाना सटकतोय. नट सुटला, एक वरखडा न्हाई!

हवालदार पुढं आला, सगळ्यांदेखत माझ्या गळ्यातली सुतळी त्येनं आपल्या हातानं कापली, म्हनला, शाबास रं फिटर.

फिटर! आवं, तवापासनं पार कुंडल गावापातूर मळ्यामळ्यातली इंजनं खोलली म्या. आता हात कापत्यात, पाना पेलत न्हाई. पर त्यो खाल्ल्याला नट देव्हाऱ्यात हाय, आन् पंचमीला मातीच्या नागाला हळदकुकू लावलं की एक बोट त्येलाबी लावतो. लावा की गुरुजी तुमीबी, भलं हुईल तुमचं.